मेमरी कार्डातली गाणी मोजणार कोण? गाण्यांची राष्ट्रीय क्रमवारी ठरवणाऱ्यांना विदर्भातून खुले पत्र

प्रति,
देशातल्या गाण्यांची क्रमवारी तयार करणारे संगीत उद्योगातले पदाधिकारी, गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅप कंपन्यांचे आकडेवारी विभाग आणि आकाशवाणीचा कार्यक्रम विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांतल्या गावांत गाणी रेकॉर्ड करणारे, वरातीत वाजवणारे, यूट्यूबवर चढवणारे आणि मोबाईलच्या दुकानात कार्ड भरून देणारे आम्ही लोक हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. देशाच्या गाण्यांची क्रमवारी लावताना गाव कसं ऐकतं तेही मोजा, आणि कसं मोजलं ते यादीसोबत छापा.

यादी निघते त्या आठवड्यात ती बाजाराची गोष्ट असते. वीस-पंचवीस वर्षांनी तीच इतिहास होऊन बसते. अमक्या साली लोक काय गुणगुणत होते हे शोधायला निघालेला माणूस शेवटी जुन्या क्रमवारीच्याच दारात येतो, कारण तारीखवार लिहून ठेवलेलं दुसरं काही त्याच्या हाती लागत नाही. म्हणून मोजणीत जे सुटलं ते आठवणीतूनही सुटतं.

आपल्याकडची मोठी साक्ष बिनाका गीतमालेची. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्यांदा त्यात क्रम नव्हता. १९५४ पासून पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, आली. दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांवरून क्रम ठरायचा. १९८८ पर्यंत सिलोनवरून आणि पुढे १९९४ पर्यंत विविध भारतीवरून ही माळ चालली. पत्र टाकायला माणसाजवळ रेकॉर्ड प्लेयर असावा लागत नव्हता, ही त्या पद्धतीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. खेड्यातल्या श्रोता संघाच्या पत्राला मुंबईच्या दुकानाशेजारी जागा होती.

पण चौकट हिंदी चित्रपटगीतांची होती. त्या काळात मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं वऱ्हाडात घरोघर म्हटली जात होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे फड उभे राहिले. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं रात्र-रात्र चालत होती. यातलं एकही गाणं कुठल्या पायदानावर नाही. गीतमालेला आम्ही दोष देत नाही, तिने आपला विषय पहिल्या दिवसापासून सांगितला होता. अडचण पुढे येते. त्या चाळीस वर्षांची दुसरी कुठली यादी नाही, म्हणून तिलाच सगळ्या देशाची आवड समजून लेख लिहिले जातात.

अमेरिकेत १९९१ साली जे झालं ते आपल्याला ठाऊक असेल, पण आमच्या मागणीचा कणा तोच आहे, म्हणून लिहितो. तोवर बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाची अल्बमची यादी दुकानांना विचारून बनायची. काउंटरवरचा माणूस सांगेल तो क्रम. त्याला स्वतःला जे आवडे, किंवा कंपनीचा माणूस ज्याची भलामण करून गेला असेल, ते वर चढे; खेड्यांत खपणारं कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतलं रॅप खाली राही. २५ मे १९९१ च्या यादीपासून साउंडस्कॅनची पद्धत आली, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद आपोआप. जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिला आला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम पहिल्या आठवड्यातच थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, कंट्री अल्बमच्या बाबतीत असं आधी कधी झालं नव्हतं. त्या चार महिन्यांत अमेरिकेच्या खेड्यांची आवड काही बदलली नव्हती. बदललं ते मोजमाप.

ब्रिटनचं उदाहरण आमच्या आणखी जवळचं आहे. तिथली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला वीसेक दुकानांना फोन करून छापली गेली. १९६९ पासून ठरावीक दुकानांनी डायरी भरून टपालाने पाठवायची पद्धत आली, १९८३ पासून गॅलप या सर्वेक्षण कंपनीने काम घेतलं. मोजणी दर वेळी सुधारली, तरी १९८० च्या दशकात साउथॉल आणि बर्मिंगहॅमच्या भांगडा गटांच्या कॅसेट हजारोंनी खपत असताना यादीत दिसल्या नाहीत. त्या किराणा आणि कापडाच्या देशी दुकानांत विकल्या जात, आणि नोंद पाठवणाऱ्या दुकानांत ही दुकानं नव्हती.

आता आमच्याकडचं दुकान पाहा. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर रिचार्जचं दुकान, काचेच्या काउंटरवर जुना कॉम्प्युटर, त्याला वायरने लोंबणारा कार्ड रीडर. पडद्यावर फोल्डरांची रांग: ‘हळद’, ‘वरात’, ‘भीमगीत’, ‘खंजिरी’, ‘झाडीपट्टी’, ‘गोंडी’, ‘डीजे नवीन’. गिऱ्हाईक बोट दाखवतं, दुकानदार कॉपी मारतो. १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५ एमबीचं होतं, म्हणजे ८ जीबीच्या कार्डात दीड हजाराच्या आसपास गाणी मावतात. मग ते कार्ड ट्रॅक्टरच्या टेपात जातं, कापूस वेचताना धुऱ्यावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरात जातं, पुढच्या लग्नसराईपर्यंत रोज वाजतं. त्यातलं एकही वाजणं कुठल्या सर्व्हरला कळत नाही. फायलीचं नावही धड राहत नाही. गाणाऱ्याचं नाव गळालेलं असतं, त्या जागी मिक्स करणाऱ्या डीजेचं नाव. गाण्याच्या मधोमधही त्याच्याच नावाची हाक ऐकू येते. ही कॉपी कायद्यात बसत नाही आणि गाणाऱ्याला त्यातून पैसा मिळत नाही, याचं दुःख आम्हालाच सर्वांत जास्त आहे. पण लोकांनी काय ऐकलं हा प्रश्न असेल, तर उत्तर या कार्डात आहे.

वरातीची गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांत गाणं वाजवायला सूट आहे. ती सूट हवीच, गरीब घरच्या लग्नावर परवान्याचा बोजा नको. मात्र परवाना नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कोणतं गाणं वाजलं याची नोंदही नाही. डीजेवाल्याने फोनवर अ‍ॅप लावून वाजवलं तरी पाचशे माणसं नाचतात आणि मोजणी होते एकची.

जे मोजलं जातं त्यालाही वजन सारखं नाही. ब्रिटनच्या सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या, यादीत जुलै २०१८ पासून पैसे भरणाऱ्यांनी १०० वेळा ऐकलं की एक विक्री धरतात. जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांनी ६०० वेळा ऐकावं लागतं. बिलबोर्डनेही अल्बमच्या यादीसाठी २०१८ साली पैसे भरणाऱ्यांना १,२५० आणि फुकट ऐकणाऱ्यांना ३,७५० असे दोन दर लावले. कंपनीला पैसा कुणाकडून येतो हे पाहायचं असेल तर हा हिशोब समजण्यासारखा आहे. पण सोयाबीन सोंगायला जाणारी बाई महिन्याचं वर्गणीचं अ‍ॅप घेत नाही, घेणारही नाही. तिचं ऐकणं सहाव्या हिश्श्याला का मोजायचं? आपण हे प्रमाण उचलून इथे लावलंत तर यादीत शहराचा खिसा दिसेल. आमचं म्हणणं, दोन रकाने ठेवा: एक कमाईचा, दुसरा निव्वळ ऐकण्याचा, बिनवजनाचा. दोन्ही दर आठवड्याला छापा. त्या दोन रकान्यांतला फरक हीच पुढे अभ्यासकाच्या सर्वांत कामाची गोष्ट ठरेल.

पैसे देऊन आणलेल्या व्ह्यूजबद्दल एकच वाक्य: यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या संगीत क्रमवारीतून जाहिरातीचे व्ह्यूज वगळले, तो नियम सगळ्या याद्यांना लागू करा.

यानंतरचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. क्रमवारी गाण्याची असते, प्रकाराची नसते. आंबेडकर जयंतीचा, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा घ्या. समजा एका चित्रपटगीताला त्या आठवड्यात दहा लाख ऐकणारे मिळाले. भीमगीतांना सगळी मिळून पन्नास लाख मिळाले, पण ती दोनशे गाण्यांत वाटली गेली. वाट्याला पंचवीस-पंचवीस हजार आले. यादीत चित्रपटगीत पहिलं, आणि भीमगीत शंभरातही नाही, जरी त्या आठवड्यात पाचपट लोक भीमगीतच ऐकत होते. ही गाणी गावागावात नवी लिहिली जातात, वस्तीवस्तीचा शाहीर वेगळा, म्हणून वाटणी होणारच. एकाच गाण्यामागे सगळा देश लावायला मोठी कंपनी लागते. यावर उपाय साधा आहे: मुख्य यादीखाली प्रकारवार बेरीज द्या. भीमगीत, भजन, लग्नगीत, झाडीपट्टी नाटकांची गाणी, आदिवासी भाषांतली गाणी, प्रत्येकाची त्या आठवड्याची एकूण संख्या. एवढा एक तक्ता असता तर गेल्या दहा वर्षांतलं यूट्यूबवरचं विदर्भ आज वेगळं दिसलं असतं.

हंगामाचाही विचार करा. आमचं गाणं वर्षाला एकदा परत येतं. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागले की वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत फिरू लागतात आणि त्या नाटकांतली गाणी चार जिल्ह्यांत वाजू लागतात. फेब्रुवारीपासून हळदीची गाणी, एप्रिलमध्ये जयंती, श्रावण अमावास्येला पोळा, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. भुलाबाईची गाणी आणि पोळ्याच्या झडत्या तोंडातोंडी चालतात, त्या क्रमवारीत याव्यात असा आमचा हट्ट नाही. पण हळदीचं रेकॉर्ड केलेलं गाणं सहा वर्षं दर उन्हाळ्यात वाजत असेल आणि ‘जुनं’ म्हणून यादीबाहेर काढलं जात असेल, तर ते चुकतं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत वीस आठवड्यांनंतर पन्नासाच्या खाली घसरलेलं गाणं काढून टाकतात, नव्यांना जागा मिळावी म्हणून. मात्र जुनं गाणं खरोखर वरच्या पन्नासांत आलं तर त्याला परत घेतात. त्यामुळेच १९९४ चं मरायाह कॅरीचं नाताळचं गाणं डिसेंबर २०१९ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पहिल्या क्रमांकावर दिसलं. असं दार आपल्या यादीत पहिल्या दिवसापासून असू द्या.

चुका आमच्या बाजूनेही होतात, त्या लपवत नाही. गाणं चढवताना, ते अ‍ॅपांवर पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्ये मुख्य कलाकाराच्या रकान्यात आमची पोरं स्टुडिओचं नाव टाकतात. गायिकेचं नाव एकदा आडनावासह, एकदा नुसतं, एकदा ‘ताई’ लावून, असं तीन प्रकारे लिहिलं जातं आणि मशीनच्या हिशोबी तिच्या तीन बाया होतात. आयएसआरसीचा घोळ सर्वांत मोठा. हा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो: दोन देशाचे, तीन नोंदणीदाराचे, दोन वर्षाचे, पाच गाण्याच्या क्रमांकाचे. भारतात त्याची व्यवस्था आयएमआय (इंडियन म्युझिक इंडस्ट्री) या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेकडे आहे. नियम असा की एका रेकॉर्डिंगला एकच कोड, ते जन्मभर. रिमिक्स केलं, नव्याने गायलं, तर नवा. आमच्याकडे नेमकं उलट होतं. तेच गाणं दुसऱ्या वितरकाकडे नेताना नवा कोड पडतो, मग ऐकणारे दोन ठिकाणी वाटले जातात. आणि डीजे मिक्सला जुनाच कोड चिकटवला जातो, मग कुणाचं ऐकणं कुणाच्या नावावर जमा झालं ते कळत नाही. कित्येक गाणी तर कोडाशिवायच थेट चॅनेलवर जातात आणि दहा चॅनेल ती उचलून पुन्हा चढवतात. याला उपाय दोन्हीकडून हवा. आयएमआयने कोड आणि फॉर्म यांची माहिती मराठीत, एका पानात, उदाहरणासह द्यावी. गावातल्या स्टुडिओसाठी नोंदणी फुकट किंवा नाममात्र ठेवावी. आणि मोजणाऱ्यांनी क्रमवारी लावण्याआधी एकाच रेकॉर्डिंगच्या सगळ्या प्रती आवाजाच्या ठशावरून, म्हणजे आवाज ऐकून गाणं ओळखणाऱ्या मशीनच्या मदतीने, एकत्र कराव्यात.

भाषेचा रकाना तर आमच्या जिव्हारी लागतो. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर होते. तरी फॉर्ममधली भाषांची यादी उघडली की बहुतेक ठिकाणी गोंडी नसते, मग कुणी ‘हिंदी’ निवडतं, कुणी ‘मराठी’, कुणी ‘इतर’. वऱ्हाडी गाणं सरसकट ‘मराठी’त जातं. पुढे गोंडी गाणी किती ऐकली गेली असं विचारणाऱ्याला उत्तर शून्य मिळेल. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतांत गोंडीला जीओएन आणि वऱ्हाडी-नागपुरीला व्हीएएच असे कोड आधीपासून दिलेले आहेत. नवं काही शोधायचं नाही, यादीत दोन ओळी वाढवायच्या आहेत.

राहिला मेमरी कार्डाचा आणि वरातीचा प्रश्न. सगळं मोजता येणार नाही, नमुना घेता येतो, जसा ब्रिटनने डायऱ्यांनी घेतला. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत प्रत्येकी दहा मोबाईल दुकानं आणि पाच डीजे, बँड, बेंजो किंवा धुमाळ पार्ट्या निवडा. दुकानाने आठवड्यात सर्वाधिक कॉपी झालेली वीस गाणी पाठवायची. नावं पाठवून उपयोग नाही, नावं आधीच तुटलेली असतात. प्रत्येक फायलीचा तीस सेकंदांचा तुकडा पाठवायचा आणि ठसा जुळवून गाणं ओळखायचं. इथे दोन ठिकाणी गाडी अडेल, ते आधीच सांगतो. डीजे मिक्समध्ये गाण्याचा वेग वाढवलेला असतो, त्यामुळे मूळ ठशाशी जुळत नाही. वेग बदलूनही ओळखणारी प्रणाली घ्यावी लागेल. आणि बेंजो-धुमाळवाले नुसती चाल वाजवतात, तिथे मशीन हात टेकते. त्यासाठी जिल्ह्याला एक जाणता कान ठेवा, गाणी ओळखून लिहिणारा. फसवणुकीची भीती खरी आहे. कुठली दुकानं नोंद पाठवतात हे कळलं की कंपन्यांची माणसं तिथेच चकरा मारतात, ब्रिटनमध्ये हे झालं. म्हणून दुकानांची नावं गुप्त ठेवा, दर तीन महिन्यांनी एक तृतीयांश बदला, आणि एकाच दुकानात अचानक वर आलेलं गाणं शेजारच्या दुकानात नसेल तर तो आठवडा बाजूला काढून तपासा.

आकाशवाणीला वेगळी विनंती. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर केंद्रांवरून काय वाजतं याची क्यू शीट दर प्रसारणाला भरली जाते, ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांना श्रोत्यांच्या फर्माइशी येतात. ही तयार आकडेवारी आहे, तिला वाळवी लागू देऊ नका. महिन्याकाठी कोणत्या गाण्याला किती फर्माइशी आल्या एवढं एक पान जाहीर केलंत तरी पुष्कळ.

पद्धत बदलेल तेव्हा तारीख टाकून सांगा, हेही यात आलं. अमेरिकेत ५ डिसेंबर १९९८ पूर्वी सिंगल म्हणून दुकानात न आलेलं गाणं मुख्य यादीत येऊच शकत नव्हतं. रेडिओवर देशभर वाजणारी गाणी त्या काळच्या यादीत म्हणून सापडत नाहीत. ती तारीख नोंदलेली आहे, म्हणून आज तो खड्डा कुणालाही समजतो. आपल्याकडे जून २०२१ मध्ये आयएमआयने जी यादी काढली ती परदेशी गाण्यांची, वीस क्रमांकांची. २०२२ मध्ये बिलबोर्डने भारतासाठी २५ गाण्यांची यादी सुरू केली. देशी गाण्यांच्या मोजणीची घडी अजून पक्की बसलेली नाही, तोवरच हे सांगायचं.

येत्या लग्नसराईत, फेब्रुवारी ते जून, आमच्या पाच जिल्ह्यांतली दुकानं आणि वाजवणारे कुठलाही मोबदला न घेता नोंद ठेवायला तयार आहेत. तक्ता एका पानाचा आहे: आठवडा, तालुका, फोल्डर, गाण्याचा तुकडा, किती वेळा कॉपी झालं किंवा किती वरातींत वाजलं. ओळखणारी प्रणाली आणि ती चालवणारा माणूस आपल्याकडून हवा. कळवा, तक्ते छापून ठेवतो.

आपले,
विदर्भातल्या गावांत गाणं रेकॉर्ड करणारे, वाजवणारे, भरून देणारे आम्ही सर्व